आम्हांला कुणी विचारलं होतं?

ज्यांच्या घरात सरकारी नोकरी होती त्यांना गोपनीय अहवाल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. वर्षभराचं काम, वागणूक, सचोटी, वक्तशीरपणा, सगळ्यावर साहेबांनी एका छापील नमुन्यात शेरे मारायचे, लखोटा बंद करायचा आणि वर पाठवायचा. शेरा प्रतिकूल असेल तर तो कळवण्याचा नियम होता. बाकी काय लिहिलंय ते ज्याच्याबद्दल लिहिलं त्यालाच कळत नसे, आणि बढती ठरायची ती त्याच कागदावर.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. मार्चअखेर जवळ आली की घरी आलेल्या सहकाऱ्यांशी त्यांचं बोलणं 'यंदा सीआर', म्हणजे हा गोपनीय अहवाल, 'कोण लिहिणार' यावरच चाले. कुठला साहेब हात राखून लिहितो, कुठला मोकळ्या मनाने लिहितो, कुणाची बदली अहवालाच्या आधी झाली तर बरं. 'आपल्याला तो दाखवत का नाहीत' असं त्यांच्यापैकी कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यांना त्यात अन्याय दिसतच नव्हता. साहेबांनी लिहिलेलं आपण वाचायला मागणं हाच त्यांना आगाऊपणा वाटला असता.

म्हणून त्यांना अन्याय कळत नव्हता असं नाही. एकदा एका वरिष्ठाने शिपायादेखत, बाहेरून कामासाठी आलेल्या शेतकऱ्यांदेखत वडिलांच्या टेबलावर फाईल भिरकावली. "केबिनमध्ये बोलावून चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं," असं ते आईला म्हणाले. पुढे त्याच माणसाच्या हाताखाली असताना वडिलांना बढती मिळाली, म्हणजे त्याने अहवाल वाईट लिहिला नसणार. तरी वडिलांच्या लेखी तो अन्यायी तो अन्यायीच. आणि दुसरे एक साहेब, ज्यांनी वडिलांची वेतनवाढ अडवली होती, ते आजीच्या आजारपणात स्वतः घरी येऊन गेले, रजेचा अर्ज न मागता रजा दिली. ते देवमाणूस.

मी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मनुष्यबळ विभागात काम करते. वडिलांचा हा हिशेब मला तिथे रोज भेटतो. निर्णय कसा झाला, कुणी कुठल्या निकषावर घेतला, हे आपल्याकडे फार कमी लोक विचारतात. निर्णय घेणारा माणूस कसा आहे आणि तो आपल्याशी कसा वागला, यावर न्याय-अन्याय ठरतो. 'आमचे साहेब चांगले आहेत' या चार शब्दांत आपण सगळी व्यवस्था निकालात काढतो. साहेब बदलले की न्यायही बदलला.

तो बंद लखोटा उघडायला किती वर्षं लागली ते बघा. देव दत्त नावाचे एक अभियंता सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या केंद्र सरकारच्या सेवेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता व्हायचं तर सलग ५ वर्षांच्या अहवालात 'अतिशय चांगला' असा शेरा लागे. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालात 'चांगला' लिहिलं होतं. हा शेरा नियमाच्या भाषेत प्रतिकूल नाही, म्हणून तो त्यांना कळवला गेला नाही, आणि त्याच एका शेऱ्यामुळे बढती मात्र हुकली. गुवाहाटी उच्च न्यायालयात ते हरले. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या शेऱ्याने माणसाची बढती अडते तो त्याच्यासाठी प्रतिकूलच. त्यामुळे बरा, चांगला, उत्तम, कुठलाही शेरा असो, तो संबंधिताला कळवलाच पाहिजे आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं. तोवर देव दत्त निवृत्त झालेले होते. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याचा आदेश काढला आणि २०१३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने हाच निर्णय पक्का केला.

मला यात कायद्याइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकराला म्हणणं मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. म्हणजे नोकरी घालवायची असेल तर विचारायचं, हे आपण १९५० पासून मानत होतो. पण नोकरीत असलेल्या माणसाला त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते दाखवावं, हे समजायला आणखी अठ्ठावन्न वर्षं जावी लागली. लाखो कर्मचारी तो लखोटा बंद आहे हे जाणून नोकरी करत राहिले, आणि 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणून त्याचं समर्थनही करत राहिले.

जर्मनीत कंपनीतल्या माणसाला आपली वैयक्तिक फाईल उघडून बघण्याचा हक्क १९७२ च्या कायद्यात थेट लिहून दिला आहे. फाईलमधलं पटलं नाही तर आपलं म्हणणं लिहून त्याच फाईलला जोडायला लावता येतं. तिथल्या कारखान्यांत कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ असतं. त्या मंडळाचं म्हणणं ऐकून न घेता कुणाला कामावरून काढलं तर ती बडतर्फी मुळातच अवैध ठरते. काढण्याचं कारण कितीही सबळ असो, आधी विचारलं नाही एवढ्यावरच ती रद्द.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जर्मन अधिकारी आले होते. सज्जन माणूस. वार्षिक मूल्यमापनाची पद्धत त्यांना एकतर्फी वाटली. त्यांनी नवा फॉर्म आणला: आधी प्रत्येकाने स्वतःचं मूल्यमापन स्वतः करायचं, एक ते पाचमध्ये गुण द्यायचे, कारणं लिहायची, मग साहेबांबरोबर बसून चर्चा. त्यांच्या दृष्टीने याहून न्याय्य काही असूच शकत नव्हतं. पहिला शब्द तुमचा.

फॉर्म माझ्याकडे जमा झाले. जवळपास सगळ्यांनी तीन लिहिले होते. टूलरूममधले एक काका, ज्यांच्या हाताला तोड नाही असं मालकांपासून अप्रेंटिसपर्यंत सगळे मानत, त्यांनीही तीनच लिहिले होते आणि कारणांच्या रकान्यात 'नेमून दिलेले काम करतो' एवढंच. एका नव्या मुलाने सगळीकडे पाच लिहून दोन पानं जोडली होती. चर्चेत काका फारसं बोलले नाहीत, मुलगा पुष्कळ बोलला. निकाल त्याप्रमाणे लागला.

काका माझ्याकडे आले ते रागावून नव्हे, दुखावून. "मॅडम, माझं काम मशीनवर दिसतं. आता मीच माझे गोडवे गायचे काय? साहेबांना डोळे नाहीत का?" त्या अधिकाऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते खरोखर गोंधळले. "मी त्यांना विचारलं होतं. बोलायची संधी दिली होती. त्यांनी ती घेतली नाही, त्यात माझा अन्याय कुठला?"

त्या दोघांपैकी एकही खोटं बोलत नव्हता, म्हणूनच तो प्रसंग मला विसरता येत नाही. एकासाठी न्याय म्हणजे आपल्याला विचारलं जाणं. दुसऱ्यासाठी न्याय म्हणजे विचारायची वेळच न येता वडीलधाऱ्याने ओळखणं. आपल्याकडे मागून मिळालेल्याची किंमत नेहमीच कमी. पंगतीत वाढप्याने आपल्याकडे बघून वाढायचं असतं. 'मला जिलबी वाढा' म्हणणारा हावरट ठरतो, आणि ज्याच्या पानावरून वाढपी तसाच पुढे गेला तो उपाशी उठला तरी बोलत नाही. काकांना गुणांपेक्षा हे लागलं होतं की वाढप्याने बघितलं नाही.

पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० च्या सुमारास भारतीय कार्यालयांचा अभ्यास करून असं मांडलं होतं की आपल्याकडे सगळ्यांच्या मताने चालणारा साहेब एकदम रुजत नाही, आणि नुसता हुकूम सोडणारा टिकत नाही. माया लावणारा आणि कामही चोख मागणारा, असा साहेब लोकांना हवा असतो. टूलरूमच्या काकांना हे वाक्य वाचून दाखवलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. पण सिन्हांच्या मांडणीचा पुढचा भाग लोक सोडून देतात. ही माया कायमची नव्हे, असं ते म्हणतात. हाताखालची माणसं जशी तयार होतील तसं साहेबाने निर्णय त्यांच्याशी वाटून घेत जायचं. आपल्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत पहिला भाग आनंदाने घेतला गेला. दुसऱ्या भागाची वेळ काही केल्या येत नाही. पंचावन्न वर्षांचा फोरमन अजून 'तयार होत' असतो.

या फरकाला आकड्यात बसवायचं काम हॉफस्टेड या डच अभ्यासकाने केलं. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या १ लाखाहून जास्त प्रश्नावल्यांवरून त्याने सत्तेतलं अंतर लोक किती स्वाभाविक मानतात याचा एक निर्देशांक काढला. भारत ७७. जर्मनी ३५. डेन्मार्क १८. व्यवस्थापन शिकणाऱ्या प्रत्येकाला हे आकडे पाठ असतात. मलाही उपयोगी पडले आहेत; परदेशी साहेब येतात तेव्हा त्यांना आमच्या मीटिंगमधली शांतता समजावून सांगायला बरे पडतात. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की तो ७७ चा आकडा खुलाशापेक्षा सबब म्हणून जास्त वापरला जातो. 'आपल्याकडे लोकांना विचारलेलं आवडत नाही', 'आपल्या माणसाला सांगणारा साहेबच लागतो'. हे कोण म्हणतं ते पाहा. ज्याला विचारावं लागलं असतं तोच बहुतेक वेळा हे म्हणत असतो.

आणि ३५ हा आकडा तरी जर्मन रक्तातला कुठे आहे? तिथल्या कामगार मंडळांचा पहिला कायदा १९२० चा. १९३४ साली हिटलरच्या राजवटीने तो मोडला आणि नव्या कायद्यात मालकाला कारखान्याचा 'नेता' आणि कामगारांना त्याचे 'अनुयायी' ठरवलं. हाच देश, हीच माणसं, आणि अनुयायी म्हणून ती युद्ध संपेपर्यंत कामावर जात राहिली. मंडळं पुन्हा उभी राहिली ती युद्धानंतर, भांडून, १९५२ च्या आणि मग १९७२ च्या कायद्याने. ज्या सवयीला आपण जर्मन स्वभाव म्हणतो ती आजच्या आजी-आजोबांच्या आयुष्यात घडलेली आहे.

आपला इतिहासही 'आपल्या माणसाला विचारलेलं आवडत नाही' या वाक्याशी जुळत नाही. १८८४ साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना गोळा केलं आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या साध्या होत्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर इजा झाली तर भरपाई. १८९० च्या एप्रिलमध्ये दहा हजारांच्या आसपास कामगार सभेला जमले, त्यात बायकाही बोलायला उभ्या राहिल्या, आणि १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ही माणसं कोकणातून आणि घाटावरून आलेली, खोताच्या आणि पाटलाच्या सावलीत वाढलेली. मानेवरची सत्ता त्यांना नवी नव्हती. तरी विचारलं जात नाही याचं दुःख त्यांना होतं आणि ते सांगायची जागा मिळताच त्यांनी ते सांगितलं.

त्याच गिरण्यांत 'चांगल्या साहेबा'चा न्याय कसा असतो तेही दिसतं. कामावर घेणं, काढणं, गैरहजर माणसाच्या जागी बदलीवर ठेवणं सगळं जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात. बायकांच्या खात्यात नायकीण. जॉबर बहुधा आपल्याच गावचा, आपल्याच जातीचा. तो खोली बघून देई, उसने पैसे देई, गावाकडून आलेल्या पोराला चिकटवून घेई, आणि त्याबद्दल दस्तुरी, म्हणजे दलाली घेई. त्याच्या माणसांना तो मायबाप वाटे, आणि त्यांच्यापुरतं ते खरंही होतं. पण त्याच्या गावचा नसलेला दारात उभा राही. विणकाम खात्यात तर अस्पृश्य मानलेल्या जातींना प्रवेशच नव्हता, कारण मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात दोरा ओढताना तो तोंडाने ओढावा लागे आणि बाकीच्यांना त्याचा विटाळ होई. विणकामाचा पगार जास्त. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे केला आणि संपाच्या मागण्यांत हा अन्यायही घ्या असं पुढाऱ्यांना सांगितलं. नाइलाजाने तो घेतला गेला. मालकांनी उत्तर दिलं की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही.

ते उत्तर मला फार अस्वस्थ करतं, कारण ते एका अर्थी खरं होतं. बंदी मालकाने घातलेली नव्हती. ती शेजारच्या मागावरच्या कामगाराने घातली होती, आणि त्याला ती अन्याय्य वाटत नव्हती. व्यक्तीच्या चांगुलपणावर सोडलेला न्याय त्या व्यक्तीच्या नजरेच्या टप्प्यात येणाऱ्यांपुरता असतो. टूलरूमचे काका निदान त्या टप्प्यात होते म्हणून त्यांना 'साहेबांना डोळे नाहीत का' असं विचारता आलं. कंत्राटी कामगार, हाउसकीपिंगच्या बायका, ज्यांच्या बसची वेळ वेगळी आणि कॅन्टीनची रांगही वेगळी, त्या हा प्रश्नसुद्धा विचारत नाहीत.

मुंबईच्या जॉबरची ही सत्ता १९३१ मध्ये कामगारविषयक शाही आयोगाने दोषास्पद ठरवली आणि भरतीसाठी कामगार अधिकारी नेमा असं सुचवलं. माझ्या व्यवसायाची सुरुवात तिथली आहे, म्हणून हा इतिहास मला परका वाटत नाही. पुढे महाराष्ट्राने १९७१ साली अनुचित कामगार प्रथांविरुद्ध जो कायदा केला, त्याच्या यादीत गुणवत्ता न बघता काही कामगारांवर मेहेरबानी करणं ही एक स्वतंत्र अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. 'मर्जीतला माणूस' ही गोष्ट आपण हसण्यावारी नेतो. या राज्याच्या कायद्याने ती गैर ठरवलेली आहे.

ब्रॉक्नर हे अमेरिकन अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एक निष्कर्ष आहे: चीनसारख्या, सत्तेतलं अंतर स्वाभाविक मानणाऱ्या समाजात निर्णय घेताना माणसांना विचारलं नाही तर त्यांची कामावरची निष्ठा अमेरिकेतल्या माणसांइतकी खालावत नाही. संशोधन नेटकं आहे आणि मला ते पटतं. पण त्यातून आमच्या क्षेत्रात जो अर्थ काढतात तो पटत नाही. अपेक्षा कमी असणं आणि इजा कमी होणं या दोन गोष्टी एक नाहीत. वडिलांनी अहवाल मागितला नाही, त्यांची खात्यावरची निष्ठाही कमी झाली नाही. म्हणून त्या बंद लखोट्यांनी त्यांच्या पिढीचं काही बिघडवलं नाही असं म्हणायचं? देव दत्तांचं जे बिघडलं ते त्यांना कळलं म्हणून आपल्याला दिसतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्याचा आवाज येत नाही, त्यावरून मार किती लागला हे मोजता येत नाही.

शांततेत हिशेबही असतो, नुसता आदर नसतो. त्या जर्मन अधिकाऱ्यांसमोर एका सुपरवायझरने भर मीटिंगमध्ये उत्पादनाचं वेळापत्रक चुकीचं आहे असं सांगितलं. अधिकाऱ्यांनी त्याचे आभार मानले. शेजारी बसलेल्या विभागप्रमुखांनी काही म्हटलं नाही. मीटिंग सुटल्यावर बाकीचे त्या सुपरवायझरला म्हणाले, "अरे, हे साहेब तीन वर्षांनी जातील, ते साहेब इथेच आहेत." याला कुणी संस्कृती म्हणेल. मी याला अनुभवातून आलेलं शहाणपण म्हणते, आणि ते बदलायचं तर लोकांना धीट व्हा असं सांगून उपयोग नाही. बोलल्यावर काय होतं हे त्यांना वर्षानुवर्षं बघायला मिळालं पाहिजे.

म्हणून मला भाषणांपेक्षा कंटाळवाण्या तरतुदी जास्त जवळच्या वाटतात. २०१० मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी असं ठरलं. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, आणि अध्यक्षपद एक वर्ष यांच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. अनेक ठिकाणी ही समिती फक्त नोटीस बोर्डावर असते. मी पाहिलेल्या एका कारखान्यात ती खरोखर बसायची. कामगारांची पाळी आली तेव्हा पेंटशॉपमधला एक जण अध्यक्ष झाला. पहिल्या बैठकीला तो टेबलाच्या कडेच्या खुर्चीवर बसला आणि मॅनेजरसाहेबांनी सुरुवात करायची वाट बघत राहिला. साहेबही सवयीने बोलायला लागले. शेवटी नियमपुस्तिका वाचून दाखवावी लागली. पुढच्या बैठकांत तो मध्ये बसायला लागला. वर्षाच्या शेवटाकडे ओव्हरटाइमच्या वाटपाची एक तक्रार आली, तेव्हा अर्जदाराचं ऐकून झाल्यावर तो मॅनेजरसाहेबांकडे वळला आणि म्हणाला, "साहेब, आता तुमचं म्हणणं सांगा. आणि गेल्या तीन महिन्यांचा तक्ता दाखवा, कुणाला किती तास मिळाले तो." तक्ता आला. तो सगळ्यांनी मिळून वाचला. तक्रारदाराची बाजू निम्मीच खरी निघाली आणि निर्णय निम्माच त्याच्या बाजूने गेला, तरी त्याने पुढे अपील केलं नाही. त्या महिन्यापासून ओव्हरटाइमचा तक्ता दर शनिवारी पाळी सुटण्याआधी बोर्डावर लागतो.